बसलेल्या माणसाची नाडी

“बाबा, खाली बसा.”

“बसतो की. तेवढा एक पाना कुठे ठेवलाय, बघून येतो.”

“पान्याला पाय नाहीत. तो कुठे जात नाही. तुम्ही बसा.”

भिंगरीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खुर्ची डुगडुगत होती. त्याने वाकून पुठ्ठ्याचा तुकडा दुमडला, तोकड्या पायाखाली सरकवला, खुर्ची हलवून पाहिली, “आता झाली बघ ठणठणीत,” म्हणाला आणि तिच्यावर न बसताच स्टोअररूमच्या बाहेर पडला.

लेकीने पेन टेबलावर ठेवलं. रांगेतला पुढचा माणूस हसू दाबत त्या खुर्चीत येऊन टेकला. “ताई, तुमच्या वडलांना बसवणं म्हणजे चालू पंखा पुसण्यासारखं आहे,” तो म्हणाला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचं ते वर्कशॉप. भिंगरी हे नाव त्याला तिथेच पडलं होतं आणि इतकं चिकटलं होतं, की पगाराच्या दिवशी खऱ्या नावाने पुकारा झाला तर तो शेजारच्याकडे बघायचा. घरी बायकोची तक्रार तीच. लग्नाच्या फोटोत सगळे स्वच्छ आलेत आणि नवऱ्याच्या जागी धूर आलाय, असं ती पाहुण्यांना सांगायची. जेवायला बसला तरी मीठ आणायला उठायचा, मीठ ताटात असलं तरी. अलीकडे तर तो ताट हातात घेऊन खिडकीशी उभा राहूनच जेवत असे. बायको म्हणे, “वय वाढेल तसा माणूस शांत होतो म्हणतात. आमच्याकडे उलटंच.”

लेक दवाखान्यात नर्स होती. या वर्षी तिला तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या मोजणीत घेतलं होतं. काम ऐकायला सोपं होतं. वेगवेगळ्या धंद्यांतली, वेगवेगळ्या वयांची माणसं घ्यायची, प्रत्येकाला पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं आणि मग पूर्ण मिनिटभर नाडी मोजायची. पोहण्याच्या तलावावरची मुलं झाली होती, गोदामातले हमाल झाले होते, हिशेबाचं एक ऑफिस झालं होतं, एक वृद्धाश्रम झाला होता. आज लिफ्टवाले.

“पन्नासच्या खाली गेली की आम्ही नाडीला संथ म्हणतो,” डॉक्टरीणबाईंनी सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. “पण संथ म्हणजे आजारी, असं नाही हं. पोहणाऱ्या मुलांत तशी भरपूर निघाली, आणि सगळी धडधाकट. वृद्धाश्रमात निघाली, त्यातली काही गोळ्यांमुळे आणि काहींची खरंच काळजी करण्यासारखी. ऑफिसात शोधून सापडेनात. आकडा तोच असतो, पण कुणात सापडला त्यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणून गटागटाने मोजतोय. नाव कुणाचं लागणार नाही.”

“आमच्यात साहेबांची सगळ्यात संथ निघणार,” मागून कुणीतरी म्हणालं. “रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर महिनाभर मुक्काम करतो.”

फोरमनसुद्धा हसला. भिंगरीही हसला, पण तोवर तो दाराशी पोचला होता.

त्याचं पळणं टाळाटाळीचं होतं हे लेकीला दिसत होतं. का, ते दिसत नव्हतं. गेल्या सुट्टीला ती माहेरी गेली, तेव्हा तो सोफ्यावर पेपर वाचत होता. असा तो बसलेला तिने क्वचितच पाहिला होता. काहीतरी विचारायला म्हणून ती वळली, तर पेपर मांडीवर आला होता, डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर राखेचा रंग होता. तिने हात लावायच्या आत तो ताडकन उठला आणि गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागला. “डुलकी लागली होती,” म्हणाला. डोळे उघडे ठेवून डुलकी घेणारा माणूस तिने तिच्या नोकरीत पाहिलेला नव्हता.

भिंगरीला मात्र सगळं ठाऊक होतं. म्हणजे त्याच्या परीने ठाऊक होतं. दोनेक वर्षांपूर्वी न्हाव्याच्या खुर्चीत त्याला पहिल्यांदा तसं झालं. टाळूवर पाणी मारून घेत तो निवांत टेकला होता. आधी कात्रीचा आवाज लांब गेला, मग समोरच्या आरशाच्या कडा काळसर व्हायला लागल्या, आणि पुढे न्हावी त्याच्या गालावर चापट मारत होता. “झोपलात काय? मी वस्तरा घेऊन उभाय, जरा विचार करा.” पैसे देऊन तो रस्त्याला लागला, दोन गल्ल्या झपाझप चालला, आणि डोकं काचेसारखं लख्ख झालं. त्यावरून त्याने आपला इलाज ठरवला. बसलं की विझतो, चाललं की पेटतो. मग बसायचंच कशाला?

आणि त्याच्या धंद्यात ते निभलंही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट मिळत नाही. ती बंद असते म्हणून तर त्याला बोलावलेलं असतं. सगळ्यात वरची मशीनरूम गाठायची तर जिना. उभा जन्म त्याने जिने चढण्यात घालवला होता. वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर तपासायला यायचा. त्या दिवशी भिंगरी वर्कशॉपच्या मागचा लोखंडी जिना चढून-उतरून थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा. डॉक्टर घाईत मनगट धरायचा, “घोडा आहेस,” म्हणायचा आणि सही करायचा.

कारण ज्याला चक्कर येते त्याला शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या विहिरीत, उतरवायचं नाही, हा नियम होता. नियम बरोबरच होता. चक्कर आलेला माणूस मग फोनवर बसायचा, तक्रारी घ्यायला. मागे ज्याला असं बसवलं, तो हातातल्या पेन्सिलीला टोक काढत काढत दुपार घालवायचा, आणि कामावर निघालेल्या जोड्यांकडे बघायचा नाही. भिंगरीने मरणाचा फारसा विचार केला नव्हता. त्या फोनचा केला होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत वायसर छाती पुढे काढून फिरत होता. वायसर म्हणजे भिंगरीचा जोडीदार, बुटका, गोल, कुठेही फिट बसणारा. बावीस वर्षं दोघं एकत्र कामाला जात होते. “अठ्ठेचाळीस,” तो ज्याला-त्याला सांगत होता. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोहणाऱ्या पोरांसारखी आहे. आता बायकोला सांगतो, मला पोट नाही, ते सगळं हृदय आहे.”

“त्यांनी तुला अजून काही विचारलं?” भिंगरीने डबा हातात धरून उभ्याउभ्याच विचारलं.

“चक्कर येते का, दम लागतो का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. म्हटलं, फक्त सासुरवाडीहून फोन आला की.”

“आणि संथ असून चालतं म्हणाल्या?”

“मला चालतं म्हणाल्या. का रे?”

“काही नाही. जेव.”

तेवढ्यात फोन वाजला. एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट मधेच थांबत होती. भिंगरीने डबा बंद केला. “आम्ही जातो,” तो फोरमनला म्हणाला. “तुझी नाडी राहिलीय,” फोरमन म्हणाला. “ती कुठे जातेय, माझ्याबरोबरच येतेय,” म्हणत तो गेटाबाहेरसुद्धा पोचला.

लेकीचं वर्कशॉपमधलं काम तासाभरात आटोपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एक राहिला तर राहू दे. एकाने काही अडत नाही.”

“माझं अडतं,” लेक म्हणाली, आणि पत्ता विचारून निघाली.

ती इमारतीत शिरली तेव्हा दोघांनी दुरुस्ती उरकत आणली होती. दाराचा कॉन्टॅक्ट झिजला होता, एवढंच. वायसर वर मशीनरूममध्ये होता. भिंगरी तळमजल्यावर, लिफ्टच्या दारात, बोटं पुसत.

“इथेही आलीस,” तो म्हणाला.

“मला पण लिफ्टने फिरायचंय. चाचणी घेणार ना?”

नाही कसं म्हणणार? त्याने वर हाक दिली, वायसरची “हां, सोड,” अशी हाक आली, आणि दोघं आत शिरली. लिफ्ट चौथा मजला ओलांडून पुढे गेली असेल-नसेल, तोच दिवा गेला आणि ती एक हिसका देऊन उभी राहिली. मग पंख्याची पाती फिरत फिरत थांबली.

“लाइट गेली,” वरून वायसरचा आवाज आला, शाफ्टमधून घरंगळत. “सगळ्या इमारतीची गेलीय. हाताने आणतो खाली. वेळ लागेल, चाक जड आहे. ताईला सांग घाबरू नको.”

“ताई नाही घाबरत,” भिंगरी ओरडला. मग लेकीला म्हणाला, “हे बघ, ही पडत नाही. वर वायररोप आहेत, खाली पकड आहे, दुसऱ्या बाजूला वजन आहे…”

“बाबा, मी लिफ्टला नाही घाबरत.”

त्याने बॅटरी पेटवून कोपऱ्यात उभी केली. मग चालायला लागला. त्या डब्यात चालायला जागा दीड पावलाची. दीड पाऊल जायचं, वळायचं, दीड पाऊल यायचं. लेक खाली पाय पसरून बसली. तो दर वळणाला तिच्या पायांवरून पाय टाकत होता.

“पिंजऱ्यातल्यासारखं करताय,” ती अखेर म्हणाली. “बसा ना. कुणी बघत नाहीये. मी पेनसुद्धा आणलेलं नाही.”

भिंगरीने वर बघितलं. वरून चाकाचा कुरकुर आवाज सुरू झाला होता. लिफ्ट बोटभर खाली सरकली आणि थांबली. त्याच्या लक्षात आलं की पळायला आता पाना नाही, फोन नाही, जिना नाही. तो तिच्या शेजारी, पाठ पत्र्याला लावून, खाली बसला.

तिने त्याचं मनगट हातात घेतलं आणि मांडीवर ठेवलं. लगेच मोजलं नाही. “आई म्हणत होती, तुम्ही भाजी आणायला गेलात की दोन चकरा मारता,” अशा काहीबाही गोष्टी सांगत राहिली. तो हूं हूं करत होता. चालल्याची ऊब अंगातून उतरत गेली. सुरुवातीला सगळं नीट होतं. त्याला वाटलं, आज काही होत नाही. मग तिचा आवाज जरा मागे सरकला. बॅटरीच्या उजेडाला कडेने काळं लागायला सुरुवात झाली. एरवी तो या क्षणाला उठायचा. आताही पाय आखडले त्याचे. पण तिची बोटं मनगटावर होती, घट्ट नव्हती, नुसती होती, आणि त्याला वाटलं, बघू दे हिला एकदा. तो उठला नाही.

“बाबा.”

तिचा चेहरा अगदी जवळ होता. एक हात त्याच्या गालावर होता.

“अगं, आहे मी,” तो म्हणाला. “ओरडतेस कशाला?”

ती मागे सरली. नर्स होती म्हणून तिचा चेहरा लगेच जागेवर आला. पण तो यायच्या आधीचा चेहरा त्याने पाहिला होता.

“किती भरली?”

“चौतीस. मधे तर सापडतच नव्हती.”

“वायसरची अठ्ठेचाळीस. म्हणजे पोहण्यात मी त्याच्या पुढे.”

ती हसली नाही. “कधीपासून होतंय हे?”

“काय?”

“बाबा.”

“दोनेक वर्षं. बसलं की होतं. चाललं की जातं. म्हणून चालतो.”

लेकीच्या लहानपणापासून त्याच्या ज्या चुळबुळीची घरात थट्टा चालत आली होती, तिच्या आत ही दोन वर्षं कधी येऊन मिसळली, कुणाला कळलंच नव्हतं. कळायला वेगळं काही दिसायला हवं होतं. इथे तर भिंगरी आणखी भिंगरीसारखा वागत होता, एवढंच.

“तुझ्या त्या कामात नाव लागत नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग लिहून टाक. लिफ्टवाला, एक. जिने चढणारा. नाडी संथ. यात खोटं काय आहे?”

“काहीच नाही.”

“मग झालं तर.”

“तुम्ही त्यात वायसरकाकांच्या शेजारी जाऊन बसाल. मोजणाऱ्याला दोघं सारखेच दिसाल. पण काका खुर्चीत बसले की गप्पा मारतात, बाबा. तुम्हाला मी आत्ता हाका मारल्या.”

“ऐकल्या की.”

“किती ऐकल्या?”

“एक.”

“मी चार मारल्या.”

वर चाक कुरकुरलं. लिफ्ट आणखी थोडी उतरली. भिंगरी समोरच्या पत्र्याकडे बघत होता.

“मशीन बसवतात म्हणे छातीत,” तो म्हणाला.

“हो. लहानसं असतं. ठोका यायला उशीर झाला की ते देतं. तुम्ही बसू शकाल. जेवू शकाल बसून.”

“आणि शाफ्टमध्ये सोडतील?”

तिला थाप मारता आली असती. “नाही,” ती म्हणाली. “मला नाही वाटत.”

त्याने मान हलवली. तिने खोटं सांगितलं नाही, याचं त्याला बरं वाटलं आणि वाईटही. तो पुन्हा उठायला गेला. तिने अडवलं नाही. तो दीड पाऊल गेला आणि तिथेच, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“मागच्या महिन्यात वायसर शाफ्टमध्ये होता,” तो म्हणाला. “लिफ्टच्या टपावर उभा. मी वर पॅनेलपाशी. खालचा माणूस सांगेल तेवढंच वरच्याने हलवायचं, अशी पद्धत असते. तो म्हणाला, घे वर, मी घेतली. हळूहळू जात होती. तिथे एक खोका होता. गुडघा दुखत होता म्हणून मी त्या खोक्यावर टेकलो. तो म्हणाला, थांब. मी थांबवली.”

“मग?”

“मग तो वर आला. पांढराफटक. मला म्हणाला, बहिरा झालास काय, माझा घसा बसला. मी म्हटलं, थांब म्हणालास तशी थांबवली. मला खरंच तसंच वाटत होतं, पोरी. मला त्याची एकच हाक ऐकू आली होती. मी म्हटलं, हा उगाच बोंबलतोय.”

भिंगरीने हात वर करून लिफ्टच्या छताला लावला. त्या छताच्या वर टप, टपावर माणूस, माणसाच्या डोक्यावर, शाफ्ट संपतो तिथला, सिमेंटचा स्लॅब. हे अंतर त्याला डोळे मिटून ठाऊक होतं. त्या हाताकडे तो बराच वेळ बघत राहिला.

पुढे, भिंगरी गेल्यावर, समाचाराला आलेल्या वायसरने लेकीला या दिवसाची आपली बाजू सांगितली. चाक फिरवताना आपण गाणं म्हणत होतो, म्हणाला, आणि खालून कसलाच आवाज येईना तेव्हा गाणं बंद केलं.

लिफ्ट मजल्याशी पुरती जुळली नाही. चाक तिथून पुढे हलेना. वायसर धापा टाकत जिन्याने उतरला आणि त्याने किल्लीने बाहेरचं दार उघडलं, तेव्हा मजल्याची फरशी आतल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आली होती. उजेड आत पडला. वायसर गुडघ्यांवर बसला, त्याने लेकीला हात दिला, तिने लिफ्टमधल्या कठड्यावर पाय रोवला आणि ती वर गेली.

“चल रे,” तो भिंगरीला म्हणाला. “मार उडी. म्हाताऱ्या बायका येतात यातून बाहेर.”

भिंगरीने दोन्ही तळवे फरशीवर टेकले. एक झटका दिला की तो वर जायचा. सवयीने खांदे ताठ झालेसुद्धा. मग त्याने हात काढून घेतले.

“वायसर, त्या दिवशी तू किती हाका मारल्या होत्यास?”

“कुठल्या दिवशी?”

“टपावर होतास तेव्हा. मी ऐकली ती कितवी होती?”

वायसरने लेकीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि तिने नजर फिरवली नाही.

“सोड ना. झालं गेलं.”

“कितवी?”

“मोजल्या नाहीत बाबा,” वायसर म्हणाला. “शेवटी शेवटी मी खालीच बसलो होतो, टपावर. डोकं गुडघ्यात घालून.”

कॉरिडॉरमधल्या कुठल्याशा ऑफिसातली माणसं लाइट आली का ते बघायला दारात आली होती आणि तशीच थांबली होती.

“साहेबांना मी सांगतो आज,” भिंगरी म्हणाला. “तू मधे बोलू नकोस.”



भिंगरी खाली उभा होता, आणि त्या उभं राहण्यात आज काही घाई नव्हती. त्याने पान्यांचा पट्टा कमरेवरून सोडून आधी वर ठेवला. मग उजवा हात वर केला, पंजा उघडा, इतकी वर्षं खालून त्याच्याकडे लोकांनी केला होता तसा.

“हात दे,” तो म्हणाला.

वायसर गुडघ्यांवरून खाली आला, फरशीवर सपशेल पोटावर पालथा झाला, आणि त्याने दोन्ही हात खाली सोडले.